तांडेलाची तीन घड्याळे

मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक किंवा कोकणातल्या कोणत्याही मासेमारी बंदरावर कधी गेलात, तर नांगरलेल्या एखाद्या बोटीच्या केबिनमध्ये जरूर डोकावून पाहा. जुन्या काळच्या तांडेलाजवळ होकायंत्र, शिशाचा गोळा बांधलेली दोरी आणि किनाऱ्यावरचे डोंगर व देवळे यांच्या मनात साठविलेल्या खुणा एवढीच सामग्री असे. आज त्या जागी दोन-तीन रंगीत पडदे लुकलुकत असतात. एकावर बोटीची जागा, दुसऱ्यावर समुद्राचा तळ, आणि शेजारी खरखरणारा वायरलेस.

ही यंत्रे विकत घेणे सोपे नाही. दुकानात ती डझनावारी प्रकारांची असतात आणि किमतींत दसपटीचाही फरक असतो. बोट बहुधा कर्ज काढून बांधलेली असते. चुकीच्या यंत्रावर पैसे गेले, तर त्या हंगामाची कमाई जाते. आवश्यक ते यंत्र घ्यायचे राहून गेले, तर प्रसंगी जीवही जातो. अशा वेळी निवड कशाच्या आधारे करावी? जाहिरात पाहून की शेजारच्या बोटीवर काय आहे ते पाहून? आपण या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाला विचारू.

समुद्रावरच्या तांडेलाला पाच प्रश्न पडतात. मी कोठे आहे? खाली पाणी किती आहे? त्या पाण्यात मासळी आहे का? आसपास कोणती जहाजे आहेत? आणि संकट आले तर कोणाला कसे कळवू? यांपैकी पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रे दिसायला निरनिराळी असली, तरी मुळात ती घड्याळेच आहेत. तरंग निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला एवढेच ती मोजतात आणि वेळेला वेगाने गुणून अंतर सांगतात. अंतर = वेग × काळ हे सूत्र तुम्हाला माहीत आहेच. बाकी सारा त्याचा विस्तार.

पहिले घड्याळ : ध्वनीचे

पूर्वी खोली वावांत मोजत. दोन्ही हात पसरले म्हणजे जेवढी दोरी मावते तेवढी एक वाव, म्हणजे सुमारे ६ फूट किंवा १.८३ मीटर. शिशाचा गोळा तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची आणि किती वाव गेली ते मोजायचे. बोट चालू असताना हे काम फार कठीण.

आता दोरीची जागा ध्वनीने घेतली आहे. बोटीच्या तळाशी एक चकती बसविलेली असते. तिला विजेचा झटका दिला की ती कंप पावते, आणि उलट तिच्यावर ध्वनी आदळला की तिच्यात वीज निर्माण होते. यालाच दाबविद्युत परिणाम म्हणतात. म्हणजे एकच चकती तोंडही आहे आणि कानही. ती क्षणभर आवाज करते, मग गप्प राहून प्रतिध्वनीची वाट पाहते. हा आवाज आपल्या कानांना ऐकू न येणारा, श्राव्यातीत असतो. या पद्धतीला ‘सोनार’ म्हणतात. दागिने घडविणाऱ्या सोनाराशी तिचे नाते नाही!

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. खोली ५० मीटर असेल, तर ध्वनीला जाऊन-येऊन १०० मीटर अंतर कापावे लागते. त्यास १०० ÷ १५०० = ०.०६७ सेकंद लागतात. ही संख्या लक्षात ठेवा; ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

वेग नेहमी १५०० च असतो असे मात्र नाही. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या खाऱ्या पाण्यात तो सुमारे १५४० पर्यंत जातो. यंत्र १५०० धरून हिशेब करत असेल, तर ३० मीटर पाण्यात ते सुमारे २९.२ मीटर दाखवील. चूक आहे, पण ती सुरक्षित बाजूची आहे. यंत्र पाणी असते त्याहून थोडे उथळच सांगते.

हे खोली मोजण्याचे यंत्र मासेही दाखविते, हे १९३० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. नॉर्वेचे शास्त्रज्ञ ऑस्कर सुंड यांनी १९३५ मध्ये कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी कागदावर नोंदवून प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जपानमधील फुरुनो बंधूंनी खास मच्छीमारांसाठी यंत्र बाजारात आणले. आज आपले मच्छीमार ज्याला ‘फिश फाइंडर’ म्हणतात, ते त्याचेच पुढचे रूप.

५० की २०० ?

फिश फाइंडर घेताना दुकानदार विचारतो, “पन्नासचा देऊ की दोनशेचा?” हे आकडे ध्वनीच्या कंप्रतेचे, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांचे आहेत : ५० किलोहर्ट्झ आणि २०० किलोहर्ट्झ. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. ५० किलोहर्ट्झला ती ३ सेंटीमीटर, तर २०० किलोहर्ट्झला ७.५ मिलिमीटर येते.

तरंगलांबी जितकी लहान, तितका ध्वनीचा झोत अरुंद. विवर्तनाचा हा नियम प्रकाशालाही लागू आहे. बाजारातल्या नेहमीच्या चकतीतून २०० किलोहर्ट्झचा झोत सुमारे १२ अंशांचा निघतो, तर त्याच चकतीतून ५० किलोहर्ट्झचा झोत सुमारे ४५ अंशांपर्यंत पसरतो. ३० मीटर खोल तळावर पहिल्याचे वर्तुळ सुमारे ६ मीटर व्यासाचे आणि दुसऱ्याचे सुमारे २५ मीटर व्यासाचे पडते. पसरट झोत जास्त पाणी पाहतो, पण मासा नेमका कोठे आहे ते धड सांगत नाही. अरुंद झोत थोडे पाहतो, पण नेमके पाहतो.

मग सर्वांनी २०० चेच यंत्र का घेऊ नये? याचे उत्तर समुद्राच्या खारेपणात आहे. समुद्राच्या पाण्यात मीठ तर असतेच, पण मॅग्नेशियम सल्फेटही असते. या कंप्रतांचा ध्वनी पाण्यातून जाताना हे मॅग्नेशियम सल्फेट त्याची ऊर्जा शोषून घेते. ५० पेक्षा २०० किलोहर्ट्झच्या ध्वनीचे शोषण कितीतरी जास्त होते. गोड्या पाण्यात हा त्रास फारच कमी असतो. म्हणून जे यंत्र धरणाच्या जलाशयात खोलवर पाहू शकते, तेच समुद्रात तितके खोल पाहू शकत नाही.

दुसरी गोष्ट शक्तीची. ध्वनी खाली जाताना पसरतो आणि माशावर आपटून परत येतानाही पसरतो. खोली दुप्पट झाली की एकट्या माशाचा प्रतिध्वनी दुपटीच्या चौथ्या घाताने, म्हणजे १६ पटींनी, क्षीण होतो. खोल पाण्यासाठी मोठ्या वॉटचे यंत्र लागते ते यामुळे. पण आपला किनारा कसा आहे पाहा. मुंबईसमोर भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि त्याचा तळ अगदी हळूहळू उतरत जातो. दिवसाकाठी जाऊन परतणाऱ्या बोटी बहुधा उथळ पाण्यातच काम करतात. अशा बोटीला २०० किलोहर्ट्झचे साधे, कमी शक्तीचे यंत्र पुरते. हजार मीटर पाहणाऱ्या यंत्राचे जादा पैसे देऊन तिचा काहीही फायदा नाही. दोन्ही कंप्रता असलेले यंत्र खोल पाण्यात जाणाऱ्या बोटीलाच उपयोगी.

हवा : मित्र आणि शत्रू

माशाचे मांस बव्हंशी पाणीच असते. त्यामुळे ध्वनीला मांस आणि पाणी यांत फारसा फरक जाणवत नाही. मग प्रतिध्वनी येतो कोठून? बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या साहाय्याने ते पाण्यात तरंगत राहतात. घोळ माशाची हीच पिशवी वाळवून भारी किमतीला विकली जाते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनीची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा परावर्तित होते. म्हणून पिशवी असलेल्या माशाचा बहुतेक प्रतिध्वनी या हवेचाच असतो.

याचा परिणाम ध्यानात घ्या. सुरमई आणि मुशी यांना ही पिशवी नसते. त्यामुळे भली मोठी सुरमई पडद्यावर अंधूक दिसते आणि पिशवी असलेला तिच्याहून लहान मासा ठळक दिसतो. ठळक ठिपका म्हणजे मोठा मासा, असा हिशेब करणारा फसतो. पडद्यावर काही यंत्रे माशाची चित्रे काढतात, त्यांवर तर मुळीच विसंबू नये. चित्र यंत्राच्या अंदाजाचे असते.

माशातली हवा जशी उपयोगाची, तशी बोटीखालची हवा घातक. चकतीच्या तोंडावर बुडबुडे आले की ध्वनी तिथेच परततो आणि यंत्र आंधळे होते. म्हणून चकती पंख्याच्या फेसापासून दूर, चालत्या बोटीतही नेहमी पाण्यात बुडालेली राहील अशा जागी बसवावी लागते. लाकडाच्या पोकळ्यांतही हवा असते, त्यामुळे लाकडी बोटीत आतून चिकटविलेली चकती काम करीत नाही. तळाला छिद्र पाडून ती पाण्याला भिडवावी लागते. महाग यंत्र आणून चकती वाईट जागी बसविली, तर स्वस्त यंत्र चांगल्या जागी बसविणाराच अधिक पाहतो.

पडदा म्हणजे छायाचित्र नव्हे

पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो. का बरे? समजा, मासा २० मीटर खोलीवर स्थिर आहे आणि बोट त्याच्यावरून जात आहे. मासा ४५ अंशी झोताच्या कडेला असताना त्याचे बोटीपासूनचे तिरपे अंतर सुमारे २१.६ मीटर असते. बोट नेमकी वर आली की ते २० मीटर होते, आणि पुढे गेली की पुन्हा वाढते. यंत्र बिचारे हे अंतर ‘खोली’ समजून रेखाटत जाते, म्हणून कमान उमटते. बोट थांबलेली असेल आणि मासाही खाली तरंगत असेल, तर लांबच लांब रेघ उमटते. ती रेघ म्हणजे लांब मासा नव्हे. तोच मासा अनेक वेळा मोजला गेला, इतकेच. पडद्याची उभी बाजू अंतर सांगते आणि आडवी बाजू वेळ. हे एवढे कळले, तरी यंत्र वाचण्याचे निम्मे काम झाले.

तळाची जातही पडद्यावर कळते. मऊ चिखल ध्वनी पिऊन टाकतो आणि पातळ रेघ देतो. खडक जोरदार प्रतिध्वनी देतो; तो पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो व दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेघ उमटवितो. तळाशी जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला ही दुसरी रेघ माशाइतकीच महत्त्वाची. ती दिसली नाही तर जाळे खडकात फाटते.

दुसरे घड्याळ : उपग्रहांचे

आता ‘मी कोठे आहे’ हा प्रश्न. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे रेडिओ संदेश सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगाने येतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश पोचण्यास २०,२०० ÷ ३,००,००० = ०.०६७ सेकंद लागतात. ओळखीची संख्या भेटली ना? ५० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी आणि वीस हजार किलोमीटरवरचा संदेश यांना सारखाच वेळ लागतो!

पण दोन घड्याळांच्या काटेकोरपणात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ध्वनीच्या घड्याळात एक सहस्रांश सेकंदाची चूक झाली, तर खोलीत पाऊण मीटरचा फरक पडेल. तेवढीच चूक जीपीएसमध्ये झाली, तर ३०० किलोमीटरचा! म्हणून उपग्रहांत आण्विक घड्याळे ठेवलेली असतात. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार ती घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तीही दुरुस्ती करावी लागते. ती केली नाही, तर दिवसाला सुमारे ११ किलोमीटर चूक साठेल. बोटीवरच्या स्वस्त यंत्रात आण्विक घड्याळ नसते, त्यामुळे जागा ठरविण्यासाठी तीन आणि स्वतःचे घड्याळ लावून घेण्यासाठी चौथा, असे निदान चार उपग्रह त्याला दिसावे लागतात. पूर्वी अमेरिकेने या संदेशांत मुद्दाम घातलेली अशुद्धता मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून साधे यंत्रही सुमारे दहा मीटरांच्या आत जागा सांगते. इस्रोची ‘नाविक’ प्रणालीही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

ज्याला जागा कळली त्याला धोका कळला, असे मात्र समजू नये. यंत्रातला नकाशा जुना असू शकतो. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असतात. मागच्या वर्षी जेथून बोट गेली तेथे यंदा वाळू असते. शिवाय मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. आकाशातले घड्याळ नकाशावरची जागा सांगते, ध्वनीचे घड्याळ प्रत्यक्ष पाणी सांगते. शहाणा तांडेल दोन्ही ताडून पाहतो आणि दोघांत मतभेद झाला तर ध्वनीचे ऐकतो.

होकायंत्रही काढून टाकू नये. थांबलेल्या बोटीचे तोंड कोणीकडे आहे ते साध्या जीपीएसला कळत नाही, आणि बॅटरी उतरली तर काहीच कळत नाही. फक्त वायरलेसचा ध्वनिक्षेपक होकायंत्राजवळ ठेवू नये, कारण त्यातला चुंबक सुई फिरवतो.

तिसरे घड्याळ : रडारचे

रडार रेडिओ तरंगांचा प्रतिध्वनी मोजते. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अंतरावरच्या जहाजाचा प्रतिध्वनी १२.३ मायक्रोसेकंदांत परततो. अंधारात व धुक्यात रडार फार मोलाचे. पण ते महाग असते आणि वीजही खाते. लहान बोटीने यात उलटा विचार करावा : मला जहाज दिसण्यापेक्षा जहाजाला मी दिसणे अधिक गरजेचे! लाकूड आणि फायबर रेडिओ तरंग फारच थोडे परतवितात. मोठ्या जहाजाच्या रडारवर अशी बोट लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. यावर स्वस्त उपाय आहे. एकमेकांना काटकोनात जोडलेले धातूचे तीन पत्रे डोलकाठीवर उंच बांधावेत. अशा कोपऱ्यात आलेला तरंग तीनदा परावर्तित होऊन, ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. त्याला ना बॅटरी लागते, ना पडदा.

घड्याळ नसलेले यंत्र

उरला पाचवा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या कित्येक बोटी खोल समुद्रात होत्या. वादळाची सूचना निघाली, पण त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या वादळात शेकडो मच्छीमार दगावले किंवा बेपत्ता झाले. साठाहून अधिक बोटी शेकडो मैल अंतर कापून आपल्या देवगड बंदराच्या आसऱ्याला आल्या, म्हणून त्यांवरची माणसे वाचली.

सूचना का पोचली नाही? बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की पल्ला किलोमीटरमध्ये येतो. ४ मीटर उंच अँटेनाचा पल्ला सुमारे ८ किलोमीटर. किनाऱ्यावर १०० मीटर उंचीवर केंद्र असेल, तर त्याचा ४१. दोन्हींची बेरीज ४९ किलोमीटर. त्यापलीकडे कितीही ओरडले तरी ऐकू जात नाही. वॉट वाढवून पृथ्वीची गोलाई सपाट होत नाही. दोन बोटींमध्ये तर हा पल्ला जेमतेम १६ किलोमीटर असतो. असे असले तरी वायरलेस हवाच, कारण संकटात सर्वांत आधी ऐकू जाते ते जवळच्या बोटीला. त्यासाठी १६ व्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, हाक देण्याचा संकेत आहे.

दूर जाणाऱ्या बोटीला मात्र उपग्रहच पाहिजे. इस्रोने विकसित केलेल्या संकट-संदेशकाचे बटण दाबले की बोटीची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला कळते. बोट आणि किनारा यांच्यात दोन्ही बाजूंनी संदेश पाठविणारी यंत्रे देशातल्या १ लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. मोबाइलच्या टप्प्यात असताना तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही प्रत्येक खलाशाला पाठ असावा.

मग काय घ्यावे ?

आता निवड सोपी झाली. बोंबलासाठी खुंटांवर डोल जाळे लावणाऱ्या बोटीचा विचार करा. तिची जागा ठरलेली. मासे भरती-ओहोटीच्या ओढीने जाळ्यात येतात. तिला फिश फाइंडरची गरजच नाही. जीपीएस, साधा खोलीमापक, वायरलेस आणि डोलकाठीवर तीन पत्रे इतके पुरे. कोळंबीसाठी तळाशी जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरने २०० किलोहर्ट्झचा, अरुंद झोताचा फिश फाइंडर घ्यावा आणि तळ वाचायला शिकावे. आठ-दहा दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या बोटीने उपग्रह-संदेशक सर्वांत आधी घ्यावा. त्यानंतर रडार, आणि त्यानंतर दोन कंप्रतांचा मोठा फिश फाइंडर.

पैसे कमी असतील, तर क्रम असा : आधी परत येण्याची यंत्रे, मग मासे शोधण्याची. मासे शोधण्याच्या कामी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्थाही मदत करते. पृष्ठभागाचे तापमान व हरितद्रव्य उपग्रहांवरून पाहून मासे कोठे असण्याचा संभव आहे ते ती कळविते. आकाश ढगाळ असले की त्यात खंड पडतो. हा सल्ला मराठीतही मिळतो. तो आधी ऐकला, तर महागड्या पडद्याचे बरेच काम किनाऱ्यावरच होते आणि डिझेलही वाचते.

करून पाहा

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर बोटीची जागा –८ मीटरपासून +८ मीटरपर्यंत घ्या. मासा शून्यापाशी, २० मीटर खोलीवर आहे असे समजा. पायथागोरसच्या प्रमेयाने प्रत्येक जागेहून माशाचे अंतर काढा आणि ते उभ्या अक्षावर खालच्या दिशेने मांडा. मिळालेल्या वक्राला गणितात अपास्त म्हणतात. बंदरावरच्या कोणत्याही फिश फाइंडरवर तुम्हाला तोच वक्र दिसेल. मग खोली ५ मीटर घेऊन आकृती पुन्हा काढा. कमान अधिक टोकदार का झाली, ते तुमच्या शिक्षकांशी चर्चा करून ठरवा.